‘बरोबरीवर समाधान मानावे लागले’ हे शब्द सांघिक बुद्धिबळाच्या बातमीतून जावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्याच नव्हे, तर मराठीतील बहुतेक सर्व क्रीडापानांवर बुद्धिबळाच्या बातमीत एक वाक्य वर्षानुवर्षे येत असते : ‘अमुक खेळाडूला बरोबरीवर समाधान मानावे लागले.’ वैयक्तिक स्पर्धेच्या बातमीत हे वाक्य कधी योग्य असते, कधी नसते. परंतु बुद्धिबळ ऑलिम्पियाडसारख्या सांघिक स्पर्धेच्या बातमीत ते वाचकाला बहुधा चुकीची माहिती देते, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. यापुढचे ऑलिम्पियाड उझबेकिस्तानातील समरकंद येथे व्हायचे आहे आणि त्याच्या बातम्या आपण मोठ्या उत्साहाने छापाल, यात मला शंका नाही. म्हणूनच त्यापूर्वी हे पत्र लिहीत आहे.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक असून गावातील एका सभागृहात मुलांना बुद्धिबळ शिकवतो. काही वर्षांपूर्वी आंतरशालेय सांघिक स्पर्धेत आमच्या वर्गातील आठवीची एक मुलगी चौथ्या पटावर काळी मोहरी घेऊन बसली होती. पहिल्या तीन पटांवर आम्ही दोन डाव जिंकलो होतो आणि एक हरलो होतो, आणि तिच्याकडे हत्तीच्या शेवटात, म्हणजे दोन्ही बाजूंकडे राजा, हत्ती आणि प्यादीच उरलेल्या अखेरच्या टप्प्यात, एक प्यादे कमी होते. ती हरली असती तर लढत २-२ अशी सुटली असती. तिने सव्वा तास तो शेवट धरून ठेवला, प्रतिस्पर्ध्याला एकही चुकीचे दार उघडून दिले नाही आणि अखेर बरोबरीचा अर्धा गुण मिळवला. आम्ही अडीच-दीड असे जिंकलो. न्यायला आलेल्या वडिलांनी दारातच विचारले, ‘जिंकलीस का?’ ती म्हणाली, ‘नाही, बरोबरी झाली,’ आणि रडू लागली. दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्राने आमच्या शाळेच्या विजयाची बातमी दिली, ती डाव जिंकलेल्या दोन मुलांची नावे देऊन. तिचे नाव त्यात नव्हते. वडिलांचा प्रश्न आणि ती बातमी, या दोहोंमागे एकच समजूत आहे आणि ती आपण सर्वांनी मिळून रुजवली आहे.

सांघिक लढतीची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ऑलिम्पियाडमध्ये प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात. त्यांतील चौघे एका फेरीत खेळतात आणि एक राखीव राहतो. पटांचा क्रम स्पर्धेपूर्वीच ठरवून द्यावा लागतो. मोहऱ्यांचे रंग आलटून पालटून येतात, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पटावर ज्या संघाकडे पांढरी मोहरी असतील, त्याच्याकडे दुसऱ्या आणि चौथ्या पटावर काळी असतात. पांढऱ्याला पहिल्या चालीचा लाभ मिळत असल्यामुळे, पांढऱ्याकडून विजयाचा प्रयत्न आणि काळ्याकडून भक्कम बचाव, अशी कामाची वाटणी अनेक संघ आधीच करून बसतात. २००८ च्या ड्रेस्डेन ऑलिम्पियाडपासून लढत जिंकणाऱ्या संघाला दोन गुण, बरोबरी करणाऱ्यास एक आणि हरणाऱ्यास शून्य, अशी पद्धत आहे. चार-शून्य असा विजय आणि अडीच-दीड असा विजय यांना त्यामुळे सारखेच दोन गुण मिळतात. साहजिकच चौघांपैकी एकाने जिंकणे आणि तिघांनी न हरणे, एवढ्यानेही संघाचे पूर्ण काम होते. कर्णधाराला पटावरील स्थितीविषयी खेळाडूशी एक शब्दही बोलता येत नाही. बरोबरी मागावी की नाही, समोरून आली तर स्वीकारावी की नाही, किंवा डाव सोडून द्यावा की नाही, एवढाच सल्ला तो देऊ शकतो. संपूर्ण लढतीचे गणित डोळ्यांसमोर ठेवून कर्णधार जो थोडका सल्ला देऊ शकतो, तो मुख्यतः बरोबरीविषयीच असतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आपल्या भाषेत तर अर्ध्याला किती मान आहे! दीड, अडीच, साडेतीन अशी स्वतंत्र रूपे आपण रोजच्या हिशेबात वापरतो. असे असताना मराठी क्रीडापानाने अर्ध्या गुणाला ‘समाधान मानण्या’च्या खात्यात टाकावे, याचे वाईट वाटते.

बुडापेस्टचे २०२४ चे ऑलिम्पियाड वाचकांच्या स्मरणात असेल. २२ सप्टेंबर २०२४ रोजी भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक जिंकले. खुल्या गटात बावीसपैकी एकवीस गुण मिळाले आणि महिला गटात एकोणीस. गुकेश आणि अर्जुन एरिगैसी यांच्या वैयक्तिक सुवर्णपदकांबद्दल, तसेच नागपूरच्या दिव्या देशमुख हिने तिसऱ्या पटावर अकरापैकी साडेनऊ गुणांसह मिळवलेल्या सुवर्णपदकाबद्दल आपण सर्वांनी भरभरून लिहिले आणि ते योग्यच होते. परंतु दहाव्या फेरीतील अमेरिकेविरुद्धची लढत आठवून पाहावी. गुकेशने फाबियानो कारुआनाला हरवले, अर्जुनने लेनियर डोमिंगेझला हरवले, प्रज्ञानंद वेस्ली सोकडून पराभूत झाला आणि चौथ्या पटावर काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या नाशिकच्या विदित गुजराथी याने लेव्हॉन अरोनियनशी बरोबरी केली. लढत अडीच-दीड अशी आपली झाली आणि सुवर्णपदक जवळजवळ हाती आले. विदितचा डाव हातून गेला असता, तर दोन बड्या विजयांनंतरही ही लढत २-२ अशी सुटली असती. हा अर्धा गुण कोणत्या अर्थाने ‘समाधान मानावे लागण्या’चा आहे?

महिला संघाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्या नेतृत्वाखालील हा संघ आठव्या फेरीत पोलंडकडून हरला होता, नवव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध त्याला २-२ अशा बरोबरीत अडकावे लागले होते आणि दहाव्या फेरीत समोर चीन होता. त्या लढतीत दिव्याने नी शिचुनला हरवले. उरलेल्या तिन्ही पटांवर, म्हणजे हरिका, वैशाली आणि वंतिका अग्रवाल यांच्या डावांत, बरोबरी झाली. विजयाचा मथळा अर्थातच दिव्याच्या नावाने झाला. मात्र अडीच गुणांपैकी दीड गुण तीन बरोबऱ्यांमधून आलेला होता, हे किती बातम्यांनी सांगितले? त्या तिघींपैकी एक जरी हरली असती, तरी दिव्याच्या विजयाचे मोल निम्म्यावर आले असते.

बरोबरीच्या एका डावात किती माणसांचे श्रम सामावलेले असू शकतात, हे समजण्यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी एक जुना डाव दाखवतो आणि तो येथे थोडा विस्ताराने सांगण्याची परवानगी घेतो. बल्गेरियातील वार्ना येथे १९६२ च्या ऑलिम्पियाडमध्ये सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांच्यातील लढतीत पहिल्या पटावर तत्कालीन जगज्जेता मिखाईल बॉटविनिक आणि एकोणीस वर्षांचा बॉबी फिशर समोरासमोर आले. हे दोघे परस्परांविरुद्ध आयुष्यात एवढा एकच डाव खेळले. बॉटविनिककडे पांढरी मोहरी होती आणि फिशरने ग्रुनफेल्ड बचाव निवडला. बॉटविनिकने या प्रकाराची तयारी घरी करून ठेवलेली होती आणि सोळा-सतरा चालींपर्यंत सारे त्या तयारीनुसारच घडत होते. सतराव्या चालीला त्याने ई स्तंभातील प्यादे पुढे ढकलून फिशरच्या वजिरावर हल्ला केला. फिशरने माघार घेण्याऐवजी त्या वजिरानेच एफ-४ वरचे प्यादे मारले. पांढऱ्याचा एकच उंट त्या प्याद्याचेही रक्षण करत होता आणि सी-५ वरील स्वतःच्या वजिराचेही. उंटाने काळा वजीर मारला की काळ्या घोड्याने पांढरा वजीर टिपायचा आणि हिशेबाअंती एक प्यादे फिशरकडे जास्त, असा तो डावपेच होता. घरच्या तयारीत नेमकी हीच एक चाल जगज्जेत्याच्या नजरेतून सुटली होती.

तेथून पुढे बॉटविनिकसाठी तो डाव म्हणजे केवळ तग धरण्याची धडपड होती. पंचेचाळीस चालींच्या सुमारास डाव तहकूब झाला, तेव्हा दोघांकडे एकेक हत्ती उरला होता. फिशरकडे एक प्यादे जास्त होते आणि वजिराच्या बाजूला त्याची दोन प्यादी होती, तर पांढऱ्याचे तेथे एकटेच प्यादे होते. त्या काळी अशा वेळी ज्याची चाल असेल तो ती कागदावर लिहून पाकिटात बंद करून पंचांकडे देत असे आणि डाव नंतर पुढे सुरू होई. मधल्या काळात स्वतः विश्लेषण करण्यास आणि संघातील सहकाऱ्यांची मदत घेण्यास पूर्ण मुभा असे. आता ही पद्धत बंद झाली आहे आणि डाव एकाच बैठकीत संपतो, हे न्याय्यही आहे. तथापि त्या पद्धतीमुळे सांघिक स्पर्धेचा एक पैलू अगदी उघड्यावर येत असे : पटावर एक जण बसलेला असला, तरी डाव संघाचा असे.

त्या रात्री सोव्हिएत संघ त्या स्थितीभोवती बसला. डाव बॉटविनिकचा होता, परंतु वाट शोधून काढली ती एफिम गेलर या त्याच्या सहकाऱ्याने. त्याची कल्पना प्रथमदर्शनी वेडेपणाची वाटावी अशी होती. वजिराच्या बाजूचे ए स्तंभातील आपले एकुलते प्यादे वाचवत बसायचे नाही. ते काळ्याला मारू द्यायचे, दोन जोडप्यादी, म्हणजे शेजारच्या स्तंभांतील एकमेकांना आधार देणारी प्यादी, त्याला निर्वेध मिळू द्यायची आणि त्याच्या बदल्यात आपल्या हत्तीने सातव्या ओळीत घुसून राजाच्या बाजूचे एच स्तंभातील काळे प्यादे उचलायचे. ज्या दोन प्याद्यांच्या भीतीने पांढरा इतका वेळ आकसून बसला होता, ती दोन्ही प्यादी मोकळी सोडून देण्याचा हा सल्ला होता. एकट्या, थकलेल्या आणि त्या दिवशीच्या चुकीने खंतावलेल्या माणसाला असे काही सुचणे अवघड असते. त्या जखमेपासून थोडा दूर असलेला सहकारी ते पाहू शकला.

दुसऱ्या दिवशी ४७ व्या चालीला बॉटविनिकने एच स्तंभातील ते काळे प्यादे मारले. फिशरने ए स्तंभातील प्यादे घेतले आणि आपल्या जोडप्याद्यांच्या बळावर विजयाकडे निघाला. ५१ व्या चालीला त्याने बी स्तंभातील प्यादे दोनपैकी पुढे काढून पाचव्या ओळीत आणले. तेथे बॉटविनिकने एच स्तंभातील आपले प्यादे झोकून दिले. काळ्याने ते मारताच पांढऱ्या हत्तीने पाचव्या ओळीवरूनच राजाला शह दिला, राजा बाजूला झाला आणि त्याच ओळीवर पलीकडच्या टोकाला उभे असलेले बी स्तंभातील प्यादे हत्तीने टिपले. जोडप्याद्यांची जोडी फुटली. यानंतरही फिशर झगडत राहिला, परंतु ६८ व्या चालीनंतर बरोबरी मान्य करावी लागली. ५१ व्या चालीला राजा पुढे नेला असता तर आपण जिंकलो असतो, असे फिशरने पुढे छापून मांडले. बॉटविनिकने आपल्या विश्लेषणाने ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि जाणकारांमध्ये त्या शेवटाविषयी पुढेही बराच काळ वाद चालू राहिला. त्या वेळी संघाचा क्रम खेळाडूंच्या वैयक्तिक गुणांच्या बेरजेवर ठरत असे, त्यामुळे तो अर्धा गुण थेट सोव्हिएत संघाच्या खात्यात जमा झाला. वार्नाचे सुवर्णपदक त्याच संघाने जिंकले.

हा डाव आजच्या आपल्या क्रीडापानावर आला असता, तर ‘फिशरला बरोबरीवर समाधान मानावे लागले’ एवढी एक ओळ छापली गेली असती. फिशरच्या बाबतीत ती कदाचित खरीही ठरली असती. बॉटविनिकच्या, गेलरच्या आणि रात्रभर जागलेल्या त्या संघाच्या बाबतीत ती मुळीच खरी नव्हती. एकाच अर्ध्या गुणाची किंमत पटाच्या दोन बाजूंना वेगळी असते आणि कोणत्या बाजूला ती किती आहे हे सांगणे हेच वार्ताहराचे काम आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला मान्य आहे. सर्वच बरोबऱ्या अशा नसतात. पंधरा-वीस चालींत मोहरी आपटून, हात मिळवून उठणारे खेळाडू आहेत आणि अशा डावांबद्दल वाचकाला काही सांगण्यासारखे नसते. मात्र चाली कमी म्हणून डाव निर्जीव, हाही निकष पुरेसा नाही. लाइपझिगच्या १९६० च्या ऑलिम्पियाडमध्ये सतरा वर्षांचा फिशर आणि त्या वर्षीचा जगज्जेता मिखाईल ताल यांचा डाव अवघ्या २१ चालींत बरोबरीत सुटला. त्या २१ चालींत फिशरच्या वजिराने काळ्याच्या राजाच्या बाजूची दोन प्यादी खाल्ली, तालने राजाला दुसऱ्या बाजूच्या किल्ल्यात हलवले आणि घोडा देऊन प्रतिहल्ला चढवला, दोन्ही बाजूंची मोहरी एकाच वेळी माऱ्यात उभी राहिली आणि अखेर तालच्या वजिराने न थांबणाऱ्या शहांची मालिका सुरू केली, तेव्हा दोघांनी हात मिळवले. मुलांना मी हा डाव दाखवतो तेव्हा शेवटच्या चालीला वर्गात हमखास शांतता पसरते. म्हणून आक्षेपाला माझे उत्तर एवढेच आहे की, चांगली बरोबरी आणि आळशी बरोबरी यांतला फरक वाचकाला कळावा. आज दोन्हींसाठी एकच छापील वाक्य वापरले जात असल्यामुळे तो कळत नाही.

आता माझी विनंती. ऑलिम्पियाडच्या प्रत्येक फेरीनंतर भारताच्या दोन्ही संघांचे पटवार निकाल द्यावेत : कोणत्या पटावर कोण, कोणाच्या हाती कोणती मोहरी, निकाल काय. आठ ओळींत हे मावते. त्याखाली त्या फेरीतील एका डावाच्या संपूर्ण चाली मराठी लेखनपद्धतीने, म्हणजे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांची आद्याक्षरे वापरून छापाव्यात आणि तो डाव निवडताना विजयाचाच असावा असा आग्रह धरू नये. चाळीस चालींचा डाव एका स्तंभात दहा-बारा ओळींच्या वर जात नाही. मी लहान असताना आमच्या घरी येणाऱ्या वृत्तपत्रात बुद्धिबळाचा कोपरा असे आणि रविवारी सकाळी वडील पट मांडून एकेक चाल वाचून दाखवत. मी खेळ शिकलो तो त्या कोपऱ्यातून. मराठी वृत्तपत्रे आणि बुद्धिबळ यांचे नाते किती जुने आणि जवळचे आहे, हे आपणास सांगायला नकोच. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या घरात वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन राष्ट्रीय विजेत्या घडल्या. ज्या भाषेच्या संपादकाच्या घरी असे घडले, त्या भाषेच्या क्रीडापानावर आज एका डावाच्या चालींना जागा नसावी, हे मला पटत नाही.

संगणकाचे मूल्यमापन आता मोबाइलवर कोणालाही दिसते, मग छापील चाली कशाला, असेही कोणी म्हणेल. मोबाइलवर आकडा दिसतो : पांढरा इतक्याने वर, काळा इतक्याने खाली. गेलरच्या रात्रीसारखी एखादी रात्र त्या आकड्यात दिसत नाही. ती दिसण्यासाठी चाली पटावर मांडाव्या लागतात, मध्येच थांबून ‘येथे तू काय खेळला असतास?’ असे शेजारच्याला विचारावे लागते आणि त्यासाठी समोर कागद असलेला बरा.

भाषेविषयीची विनंती याहून साधी आहे. ‘समाधान मानावे लागले’ याऐवजी जे घडले ते लिहावे. ‘विदितने काळ्या मोहऱ्यांनी अरोनियनला रोखले’, ‘हरिकाने बरोबरी राखली’, ‘वैशालीचा डाव अनिर्णित राहिला’, ‘अमुकच्या हातून जिंकलेला डाव बरोबरीत निसटला’ : यांतील प्रत्येक वाक्य वेगळी गोष्ट सांगते आणि मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. जेथे खेळाडूने खरोखरच विजय दवडला असेल, तेथे तसे स्पष्ट लिहावे. खेळाडूंना त्याचा राग येत नाही. आपण दवडलेला विजय त्यांना कोणत्याही वार्ताहराच्या आधी कळलेला असतो.

समरकंदच्या ऑलिम्पियाडच्या अकरा फेऱ्यांसाठी रोज एका डावाच्या चाली मराठीत लिहून, त्यावर चार-पाच ओळींचे टिपण करून आपल्या कार्यालयात पाठवण्याची माझी तयारी आहे. त्यासाठी कोणत्याही मानधनाची अपेक्षा नाही. डावाची निवड आपल्या क्रीडा विभागाने करावी. आमच्या वर्गातील ती मुलगी आता महाविद्यालयात असून रविवारी लहान मुलांना हत्तीचे शेवट शिकवायला येते. चाली तपासून देण्याचे काम तिने स्वतःहून मागून घेतले आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक व बुद्धिबळ प्रशिक्षक
सांगली जिल्हा